जमिनीनं प्यालेलं पेट्रोल

मेहकरच्या मोटार स्टँडसमोर एक पाटी होती : ‘उजाला ड्रायक्लीनर्स. गरम व रेशमी कपड्यांसाठी खास पेट्रोल वॉश.’ पाटी रंगवणाऱ्यानं ‘खास’ हा शब्द एवढा मोठा काढला होता की स्टँडवरून तेवढाच वाचता यायचा. बाकीचं वाचायला रस्ता ओलांडावा लागायचा. पुंजाजी म्हणायचा, रस्ता ओलांडून आला की गिऱ्हाईक आपलं.

पुंजाजी मूळचा सुलतानपूरचा. जातीनं वरठी, म्हणजे परीट. बाप घरोघरचे कपडे ओढ्यावर धुवायचा आणि सुगीला खळ्याखळ्यावर जाऊन धान्य मागून आणायचा. खळ्याच्या कडेला पोतं धरून उभा राहणारा बाप पाहून पोराला लाज वाटायची. तो पळून भुसावळला गेला. रेल्वेच्या साहेबांचे कोट धुणाऱ्या एका दुकानात सात वर्षं राबला, पांढऱ्या पेट्रोलची विद्या शिकला, आणि महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी मेहकरात येऊन त्यानं ही पाटी लावली. आता कोणाच्या खळ्यावर जायचं नव्हतं. लोकच कपडे घेऊन त्याच्या दारात येणार होते.

आणि लोक आलेही. मेहकरात थंडी ती केवढी, पण कोट सगळ्यांना हवा. वकिलांना कोर्टात हवा, नवरदेवाला मे महिन्यात हवा. मांडवात घामाघूम होऊन उभा राहील, पण लोकरीचा कोट काही उतरवणार नाही. त्यावर तेलातुपाचे डाग पडायचे. पाण्यात घातली तर लोकर आटते, म्हणून मग पुंजाजीचं पेट्रोल. पत्र्याच्या टबात पांढरं पेट्रोल ओतायचं, कोट बुचकळायचा, कॉलरला ब्रश मारायचा, पिळायचा, परसात वाळत टाकायचा. तेच पेट्रोल पुन्हा पुन्हा वापरायचं. शेवटी ते काळं, दाट झालं की फेकायचं.

ब्रश मारायला आणि फेकायला जनकाबाई होती. स्टँडच्या मागं उतार लागतो, त्या उताराच्या पायथ्याशी भीमनगर आहे. तिथून ती रोज चढून यायची. अंगानं काटकुळी, बोलायला कमी, कामाला वाघीण. पुंजाजी तिला मान देऊन बोलायचा, कधी आवाज चढवला नाही. फक्त दुकानातल्या माठाला तिनं हात लावायचा नाही, एवढी रीत होती. तहान लागली की ती दाराशी बसून ओंजळ धरायची आणि पुंजाजी किंवा त्याची बायको पंचफुला वरून पाणी ओतायची. सरकारनं कायदा कधीचाच केला होता. पण कायदा कोर्टात, आणि माठ दुकानात. गंमत अशी की ज्या वकिलांचे कोट पुंजाजी धुवायचा, त्यांच्या ओसरीवर त्यालाही कोणी बस म्हणत नव्हतं. त्याला ते झोंबायचं. जनकाबाईला ओंजळ झोंबत असेल, हे काही इतक्या वर्षांत त्याच्या मनात आलं नाही.

तर फेकायचं कुठं? दुकानामागं मोकळं परस होतं, सगळी काळी माती. काळी जमीन उन्हाळ्यात फाटते. हात घातला तर खांद्यापर्यंत आत जाईल अशा भेगा पडतात. पहिल्या उन्हाळ्यात पुंजाजीनं एका भेगेत टबभर काळं पेट्रोल ओतलं. घटघट आवाज झाला आणि सगळं आत. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर डागसुद्धा नाही. तो खूश झाला. रस्त्यावर फेकलं तर लोक बोंबलतात, नालीत फेकलं तर बिडी टाकणाऱ्याची भीती. जमीन बिचारी काही न बोलता पीत होती. पावसाळ्यात भेगा मिटल्या की एक खड्डा करून त्यात ओतायचं, उन्हाळा आला की पुन्हा भेगा.

एकदा टब रिकामा करताना जनकाबाईनं विचारलं होतं, “भाऊ, हे खाली जाऊन कुठं जात असंल?”

“पाताळात,” पुंजाजी हसला होता. “तुले काय करायचं? ओत.”

तिनं ओतलं.

या धंद्यानं पुंजाजीला घर दिलं आणि त्याचं नाक घेतलं. सतत त्या वाफेत राहून त्याचा वासच गेला. वरण करपलं तरी मुकाट जेवायचा. पंचफुला आधी हसायची, मग वरणाकडे जास्त लक्ष देईनाशी झाली.

सत्तर साल उजाडेपर्यंत टेरिलीन आलं. घरी बादलीत बुचकळा, दोरीवर टाका, इस्त्रीचीही गरज नाही. पेट्रोल वॉश बंद पडला. पुंजाजीनं टब उपडा घातला, पाटी तशीच राहू दिली आणि इस्त्री-खळीवर भागवू लागला. जनकाबाई घड्या घालायला राहिली. कपाटात लोकांनी कधी परत नेलेच नाहीत असे कोट आणि शाली लटकत राहिल्या.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

भीमनगरच्या विहिरीची गोष्ट इथं सांगायला हवी. पूर्वी तिथल्या बायका गावच्या विहिरीशी घागर घेऊन कोणी तरी पाणी ओतील म्हणून उन्हात बसून राहायच्या. छप्पन साली धर्म बदलला आणि पुढच्याच वर्षी सगळ्या वस्तीनं मिळून स्वतःची विहीर खोदली. शाळेत शिकवणारे माणिकराव गुरुजी पुढं होते. प्रत्येक घरातून रोज एक माणूस पहार घेऊन. जनकाबाईच्या घरातून तीच जायची, सहा महिन्यांची गरोदर, डोक्यावर मुरमाची टोपली. पाणी लागलं तेव्हा म्हातारी माणसंही लहान पोरांसारखी रडली. त्या विहिरीला कधी पाण्याची कमी पडली नव्हती, आणि तिच्यावर कोणाची वाट पाहावी लागत नव्हती.

बहात्तरच्या शेवटी पाणी खूप खाली गेलं, आणि गेलं तसा त्याला वास येऊ लागला. भाकरीला वास, चहाला वास. लहान लेकरं ओकू लागली.

एका सकाळी जनकाबाई दुकानात आली ती तांब्या घेऊन. “भाऊ, हुंगून पाहा.”

पुंजाजीनं नाकाशी धरलं. “मले कुठं वास येते, जनकाबाई. तुले तर माहीत हाये.”

“मले येते ना. नऊ वर्षं तेच हुंगलं म्या. हा आपल्या दुकानाचा वास हाये.”

तांब्यातल्या पाण्यावर सकाळचं ऊन पडलं होतं आणि त्यावर निळाजांभळा तवंग हलत होता. डोळे तर शाबूत होते त्याचे. त्याला त्याच क्षणी सगळं समजलं. भेगा, काळी माती, तिच्याखालचा मुरूम, मुरमाखालचा उतार, आणि उताराच्या पायथ्याशी विहीर. पाताळ नव्हतंच कुठं. भीमनगर होतं.

“काहीच्या बाही नको बोलू,” तो म्हणाला. “घासलेट सांडलं असंल कोणाचं.”

वस्तीतही घासलेटचीच चर्चा होती. उतारावर ज्याचं शेत आहे त्या भगवानरावाचं वस्तीशी पाण्यावरून जुनं भांडण. त्यानंच दुष्काळात डाव साधून घासलेट ओतलं, असं तरुणांचं ठरलं. पोलिसांत जायची, त्याआधी भगवानरावाला गाठायची भाषा सुरू झाली. जनकाबाईला ते सहन होईना. ती सगळ्यांसमोर म्हणाली, “त्यानं नाही ओतलं. दुकानातलं पेट्रोल हाये ते. मीच ओतत होती. मालक ओत म्हनत, मी ओते.”

दुसऱ्या दिवशी माणिकराव गुरुजी दोन माणसांना घेऊन दुकानात आले. पंचफुलानं खुर्ची पुसून दिली. जनकाबाई मागच्या फळीजवळ शर्टाच्या घड्या घालत होती. गुरुजींनी शांतपणे विचारलं, “पुंजाजी, या बाईला पेट्रोल जमिनीत ओतायला तुम्ही सांगितलं होतं का?”

हो म्हणायला किती वेळ लागतो? एक अक्षर. पण पुंजाजीच्या डोळ्यांपुढं नको ते सगळं येऊन उभं राहिलं : दुकानासमोर जमलेली वस्ती, फोडलेली पाटी, गावात छी-थू, आणि पोतं धरून खळ्यावर उभा असलेला बाप. यातलं काही झालंच असतं असं नाही. भीमनगरची माणसं तशी नव्हती. पण घाबरलेल्या माणसाला समोरची माणसं दिसत नाहीत.

“मी तर डब्यात भरून ठेव म्हनत होतो,” पुंजाजी म्हणाला. “गावाबाहेर नेऊन जाळायचं होतं. बाईनं कंटाळा केला असंल. बाईमाणूस, ओझं कोण वाहते.”

मागच्या फळीवर घडी घालणारा हात थांबला. जनकाबाईनं शर्टाची ती घडी पूर्ण केली, चवडीवर ठेवली, भाकरीचं फडकं उचललं आणि त्याच्याकडे न पाहता पायऱ्या उतरून गेली. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर त्याला रात्री झोप लागली असती.

पेट्रोल ओतलं तो अडाणीपणा होता. पुंजाजीनं स्वतःला त्याची माफी देऊन टाकली असती, तो काही विद्वान नव्हता. पण हे एक वाक्य तो जाणून बोलला होता, तेही तिच्या तोंडावर. ते वाक्य त्याला जेवताना आठवायचं, इस्त्री फिरवताना आठवायचं. एका तहसीलदाराचा सदरा त्यानं तसाच जाळला.

भीमनगरच्या बायका आता दोन मैलांवर नदीत झिरा खोदून पाणी आणत होत्या. वाट दुकानावरूनच होती. घोळक्यानं यायच्या, बोलत यायच्या. जनकाबाई मात्र मागं एकटी. तिच्या आळसानं विहीर नासली, मग तिच्याशी कोण बोलणार? डोक्यावर घागर, कमरेवर कळशी. पूर्वी दुकानासमोर आली की पाटीकडे पाहायची सवय होती तिला. आता पाहत नव्हती. ती येताना दिसली की पुंजाजी कपाटाआड जायचा आणि कोट झटकत बसायचा.

पंचफुला सगळं पाहत होती. तिनं नवऱ्याला नऊ वर्षं “ओत” म्हणताना ऐकलं होतं. महिना गेला. एक दिवस ताट वाढता वाढता म्हणाली, “तुमचं नाक गेलं ते माहीत होतं मले. जीभबी गेली काय?”

पुंजाजीनं ताट सरकवलं आणि उठून परसात गेला. भर दुपार होती. त्यानं पहार घेतली आणि ज्या भेगेत सगळ्यांत जास्त ओतलं होतं तिथं घाव घातला. हातभर खोदून मातीचं एक ढेकूळ काढलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की त्याला काही कळणार नाही.

“पंचफुले, इकडं ये. वास येते का पाहा.”

तिनं ढेकूळ नाकाशी नेलं. “येते.”

तो आणखी खाली गेला. “आता?”

“येते.”

कमरेइतका खड्डा झाला. “आता?”

पंचफुलानं ढेकूळ हुंगलं आणि पदर नाकाला लावला. “वरच्याहून जास्त येते.”

पुंजाजी पहार टाकून त्या खड्ड्यातच बसला. जमीन पीत नव्हती. तिनं सगळं सांभाळून ठेवलं होतं, आणि थोडं थोडं करून खालच्या लेकरांना पाजत होती. त्याला रडू कोसळलं. पंचफुलानं रडू दिलं आणि मग म्हणाली, “इथं रडून काय फायदा? तिकडं जा.”

दिवस मावळायच्या आत तो भीमनगरात गेला, अंगावर तीच मातीची कापडं. विहाराच्या ओट्यापुढं माणसं जमली. पुंजाजीनं हात जोडले नाहीत, हात जोडून बोललं की माणसं लवकर माफ करतात हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, “पेट्रोल मी ओतायले लावलं. नऊ वर्षं. जनकाबाईनं इचारलं होतं का हे कुठं जाते, तर मी हसलो. गुरुजी आले तवा मी खोटं बोललो. बाईचा काही दोष नाही.”

कोणी तरी मागून शिवी हासडली. गुरुजींनी हात वर करून त्याला गप्प केलं. जनकाबाई बायकांच्या कडेला उभी होती. पुंजाजी तिच्याकडे वळला.

“मले काय सांगता?” ती म्हणाली. “मले तर माहीतच होतं. मी हेच सांगतलं तवा कोणी ऐकलं नाही. तुमी सांगतलं तर सारे ऐकून राह्यले.”

बायकांनी माना खाली घातल्या.

गुरुजींनी खटपट करून बुलढाण्याहून विहिरींची माहिती असलेल्या एका साहेबाला आणलं. साहेबानं परस पाहिलं, विहीर पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाला, परसातली माती मुरूम लागेपर्यंत काढा, गावापासून लांब, जिथं विहीर नाही अशा माळावर पातळ पसरा, रोज उलटीपालटी करा, उन्हानं पेट्रोल उडेल. वरची तेलकट साय निघाल्याशिवाय विहीर उपसू नका, नाही तर सगळं कपारीत बसेल. आणि विहिरीजवळ कोणी बिडी ओढली तर विहिरीसकट जाल.

पुंजाजीनं माती काढायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी वस्तीतली माणसं पहारी घेऊन आली. त्याच्याशी कोणी बोललं नाही, कोणी आभारही मानले नाहीत, नुसती खड्ड्यात उतरली. त्यांना विहीर हवी होती. बैलगाड्या भरभरून माती माळावर गेली. पुंजाजी रोज उन्हात दाताळं घेऊन ती उलथायचा आणि पंचफुला हुंगायची. तिच्या नाकावर सगळं काम चाललं होतं.

विहिरीतली साय मात्र निघेना. बादलीनं काढायला गेलं की पाणीच वर यायचं. फडकी टाकली तर ती पाणी पिऊन बुडायची. पुंजाजी काठावर बसून पाहत होता आणि एकदम उठला. लोकर पाण्यापेक्षा तेलाला आधी धरते, हे त्याच्याइतकं मेहकरात कोणाला माहीत होतं? तो दुकानात गेला, कपाट उघडलं आणि न नेलेले कोट काखोटीला मारून आला. बाह्यांना दोर बांधून एकेक कोट विहिरीत सोडला. वकिलाचा काळा कोट पाण्यावर हात पसरून तरंगला. त्याच्याशेजारी कोणा नवरदेवाचा तपकिरी कोट, नंतर दोन काश्मिरी शाली. वर बसलेली पोरं हसली, बऱ्याच महिन्यांनी त्या काठावर कोणी हसलं. घटकाभरानं कोट वर ओढले तर तेल प्यालेले. ते पत्र्याच्या टबात पिळले, पुन्हा सोडले. टब तोच होता. या खेपेला त्यातलं काळं तेल डब्यात भरलं, गाडीत घातलं आणि गावाबाहेर माळावर नेऊन जाळलं. त्यानं गुरुजींना सांगितलेलं खोटं अखेर त्यालाच खरं करावं लागलं.

पिळायला पुंजाजी एकटाच बसायचा. हात सोलून निघाले. एक दिवस जनकाबाई समोर बसली आणि कोटाची दुसरी बाही धरून पिळू लागली. “तू नको,” तो म्हणाला. “तू पुष्कळ केलं.” ती म्हणाली, “विहीर माही हाये. तुमच्यासाठी नाही करून राह्यली.”

पुढच्या पावसाळ्यात नवं पाणी आलं. इंजन लावून विहीर तीनदा उपसली, दगड न् दगड घासला. दिवाळी झाल्यावर साहेबानं बाटली भरून नेली. कागद आला : पाणी पिण्यास योग्य. वस्ती काठावर जमली. पण घागर कोणी सोडेना. कागदावर विश्वास ठेवायची सवय त्या वस्तीला कोणी लावली नव्हती.

माणिकराव गुरुजी म्हणाले, “कागद ठीक आहे. पण ज्यानं ओतलं त्यानं आधी प्यावं.”

सगळ्यांनी पुंजाजीकडे पाहिलं. चाळिशीला आलेल्या पुंजाजीनं जन्मात कधी या वस्तीत पाण्याचा थेंब घेतला नव्हता. कोणी दिलाही नव्हता. देण्यात अर्थ नाही हे त्यांना ठाऊक होतं.

जनकाबाईनं बादली सोडली, ओढली. पितळेचा एक गिलास घासून पुसून आणला होता, तो भरला. पुंजाजी पुढं आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. त्यानं दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि तोंडाशी धरली, जशी ती इतकी वर्षं दुकानाच्या दाराशी धरायची. त्याला तेच हवं होतं. वरून धार पडावी, थोडी नाकातोंडात जावी, थोडी कोपरावरून ओघळावी, आणि सगळ्यांनी पाहावं.

जनकाबाई गिलास हातात धरून उभी राहिली. तिनं त्या ओंजळीकडे पाहिलं. मग म्हणाली, “हात खाली करा, भाऊ. गिलास घ्या. मी काय तुमी हाये का?”

पुंजाजीची ओंजळ सुटली. त्यानं गिलास घेतला आणि उन्हाकडे धरून पाहिला. तवंग दिसत नव्हता. पण आता त्याचा डोळ्यांवरही भरवसा राहिला नव्हता.

“वास येते का, जनकाबाई? मले तर समजत नाही.”

“नाही येत.”

“खरं सांगतेस?”

“मी कवा खोटं बोलली?” ती म्हणाली.

पुंजाजीनं गिलास तोंडाला लावला आणि सगळा संपवला. तिच्या शब्दावर. मग बायकांनी घागरी सोडल्या, आणि पुंजाजी रिकामा गिलास कोणाजवळ द्यावा हे न समजून तिथंच बसून राहिला.